कैलासासाठी बारव चढताना

आमच्या मुरुमच्या आसपास डोंगर नाही. काळ्या मातीचं सपाट रान, त्यात ज्वारी, तूर, करडई, आणि वर नजर पोचेल तिथवर आभाळ. गाडीच्या बैलांना चढ लागलाच तर तो ओढ्याच्या काठाचा. अशा गावातून माझ्या सासूबाई पायी कैलासाला जाऊन आल्या आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. निजामाचं राज्य होतं आणि मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं. नंतर आयुष्यभर लोक मला विचारत आले, की कैलास दिसतो कसा? मी सांगतेही. पण खरं विचाराल तर माझी मान ताठ होते ती त्याच्या आधीच्या महिन्यांच्या आठवणीनं. तयारीच्या.

सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणे. त्यांचं माहेर सरहद्दीकडच्या कानडी गावातलं. पन्नाशी उलटलेली, अंगानं भारी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि आवाज असा की माडीवरून बोलल्या तर अडतीतले हमाल पोतं खाली ठेवून उभे राहायचे. माझे सासरे, अप्पा, वारल्यापासून धान्याच्या अडतीवर माझे यजमान बसत. पण कुठली तूर ठेवायची आणि कुठली विकायची, ते अव्वाच ठरवायच्या. मी कळंबची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत अव्वा माझ्याशी बोलल्या ते फक्त कामाचं: डाळ भिजव, दिवा लाव, गुरवाला शिधा दे.

त्या साली श्रावणात मठात प्रवचनाला सोलापूरचे एक निवृत्त मास्तर आले. उंच, वाळकुडे, डोक्यावर काळी टोपी. ते कैलासाची प्रदक्षिणा करून आले होते आणि तेच सांगत होते. तिबेट म्हणजे परका मुलूख. आपली भाषा नाही, आपलं अन्न नाही. हवा इतकी विरळ की चार पावलं टाकली की छातीचा भाता होतो. आणि त्या सगळ्याच्या पलीकडं उभा असलेला तो पांढरा डोंगर. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं अव्वा उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमच्यासंगं बायका व्हत्या का?"

सगळा मठ वळून बघायला लागला. मी मान खाली घातली.

"आमच्यात नव्हत्या," मास्तर म्हणाले. "वाटेत मात्र दोघी-तिघी भेटल्या. आणि तिथल्या डोंगरातल्या बायका तर पाठीवर ओझं घेऊन आमच्या पुढं निघून जायच्या."

"मग आमाला न्यायला काय हरकत हाय?"

पुरुषांच्या बाजूला हशा झाला. मास्तर हसले नाहीत. "आई, पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. तुमची तयारी झाली तर बघू. पण तयारी म्हणजे नुसती भक्ती नव्हे."

"तयारी काय ती सांगा. भक्तीचं माझं म्या बघते."

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या घरी जेवायला आले. यजमानांना वाटत होतं, अव्वांचा उत्साह रात्रीतून उतरला असेल. जेवताना ते म्हणालेही, "अव्वा, अप्पांची इच्छा राहिली म्हणून म्हणत असलीस तर मी जाऊन येतो की."

"त्यांची कशाला? त्यांनी काशी केली, केदार केला, श्रीशैल तर किती बारी केलं. ही माझी इच्छा हाय."

मग मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. रोज चालायचं, ओझं घेऊन चालायचं. थंडीची सवय करायची. थोडं आणि वेळेवर खायचं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चढ. "आणि चढताना बोलत चढायचं," ते म्हणाले. "बोलणं तुटलं की समजावं, चाल जास्त झाली. तिथं घाई करणारा मागं फिरतो, नाहीतर मरतो. माघात मी तुळजापूरला येणार आहे. तुम्ही मुरुमहून चालत या, ओझ्यासकट. मग माझ्यासमोर घाट चढून दाखवा. जमलं तर नेतो. न जमलं तर रागवायचं नाही."

"न्हाय रागवत," अव्वा म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा असा होता की न जमण्याचा प्रश्नच नाही.

मास्तर गेले आणि अव्वा ओसरीवर बसल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "चालीन म्या. पर चढ आणू कुठनं?"

मला एकदम सुचलं आणि मी बोलून गेले, "अव्वा, बारव हाय की."

गावाबाहेर जुनी बारव होती. चारी बाजूंनी दगडी बांधकाम आणि एका बाजूनं पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या रुंद पायऱ्या. उतरायचं आणि चढायचं, पुन्हा उतरायचं आणि चढायचं. अव्वांनी त्या वेळी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तुला डोकं हाय की गं," त्या म्हणाल्या. एवढंच. पण मला ते अजून ऐकू येतं.

पहाटे आम्ही निघायचो. सुरुवातीला दोघींच्या पाठीला रिकामी झोळी. मग तिच्यात मूठमूठ ज्वारी वाढवत नेली. श्रावणात बारव तुडुंब होती, चढायला पायऱ्या थोड्याच उघड्या होत्या. अव्वा त्यावरच घामाघूम होत. पण पाऊस ओसरला तसं पाणी खाली जायला लागलं आणि आमचा डोंगर वाढायला लागला. आज एक नवी पायरी उघडी पडली की अव्वा तिच्यावर पाय आपटून म्हणायच्या, "ही आपली!" पाण्याला येणाऱ्या बायका बघत उभ्या राहायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "अव्वा, काय हरवलंय का बारवंत? रोज हुडकताय?"

"व्हय," अव्वा म्हणाल्या, "माझं गुडघं हरवल्यात."

आता राहिलं बोलणं. मास्तरांनी सांगितलं होतं की बोलत चढायचं. पण आम्ही दोघी बोलणार काय? पहिले काही दिवस अव्वा शिवनाम घेत चढल्या. मग त्याच म्हणाल्या, "नाम तर म्या झोपेतबी घेते, त्यानं दमाचं कळंना. कायतरी बोलायला पायजे." आणि त्या बोलायला लागल्या.

त्या पायऱ्यांवर मला माझी सासू कळली. त्या नऊ वर्षांच्या असताना मुरुमला आल्या. मराठीचा एक शब्द येत नव्हता. मीठ मागितलं तर हळद आणून द्यायच्या आणि सगळं घर हसायचं. दुपारी माडीवर जाऊन त्या एकट्याच कानडीत बोलायच्या, भिंतीशी, आपली भाषा विसरू नये म्हणून. अप्पा यात्रांना जायचे तेव्हा तयारी अव्वा करायच्या. कडक भाकरी थापायच्या, शेंगांची चटणी कुटायची, वहाणांना तेल द्यायचं, घोंगडीच्या कडा शिवायच्या. अप्पा परत आले की ओसरीवर माणसं जमायची आणि अव्वा आतून, दाराच्या फटीतून केदारचं बर्फ ऐकायच्या.

"लई जणांच्या जत्रंची तयारी केली म्या," त्या एका पायरीवर थांबून म्हणाल्या. "आता माझ्या जत्रंची करतीया."

मग त्या म्हणाल्या, "आता तू बोल. तुझाबी दम बघू दे." मी काय सांगणार? कळंबचा बाजार सांगितला, भावांबरोबर पाटीवर गिरवलेली अक्षरं सांगितली. आणि धीर करून हेही सांगितलं, की मला तुमची फार भीती वाटते.

अव्वा हसल्या. "माझी? अगं म्याच तुला भ्यायचे. तुला वाचता येतंय. तू पोथी घेऊन बसलीस की मला वाटायचं, ही मनात आमाला अडाणी म्हणत आसंल."

दोघी पायरीवर बसून हसलो. त्या दिवशी चढ थोडा झाला.

हळूहळू मला एक खूण सापडली. दम लागला की अव्वा मराठीतून कानडीत जायच्या. तोंडात मराठी आहे तोवर सगळं ठीक. मधेच एखादा कानडी शब्द आला की चाल कमी करायची. आणि "साकु, साकु" म्हणाल्या, म्हणजे पुरे, की बसायचं. मी हे त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी हट्टानं मराठी धरून ठेवलं असतं.

दसऱ्याच्या आधी बारवेत अव्वांचा पाय घसरला. ओल्या शेवाळावर त्या बसल्याच, आणि घोटा डोळ्यांदेखत सुजला. मी आणि पाण्याला आलेल्या बायकांनी मिळून त्यांना वर आणलं. घरी आल्यावर यजमान संतापले. आईवर ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला.

"बास आता, अव्वा! सगळं गाव हसतंय. सावकाराची आई झोळी घेऊन बारवंत उड्या मारतीया म्हणतेत. हात-पाय मोडला तर? कैलास मनात असला म्हणजे झालं!"

हळदीचा लेप लावून अव्वा दिवाळीभर खाटेवर पडून होत्या. मला वाटलं, संपलं. बायकाही समजूत घालायला आल्या. "आता देवानंच थांबवलं, अव्वा," एक जण म्हणाली. "देवानं न्हाय, शेवाळानं," अव्वा म्हणाल्या.

कुणी दुसरी म्हणाली, "सुनेला पाठवा. पोटपाणी पिकंल. कैलासाला नवस बोलला की रिकामा जात न्हाय." मी तिथंच बसले होते. मला मूल नव्हतं, आणि असं बोलणं ऐकायची सवय होती. पण अव्वा खाटेवर उठून बसल्या. "नवसाला न्हाय जायचं," त्या म्हणाल्या. "बघायला जायचं. माणसानं कायतरी नुसतं बघायला जाऊ न्हाय व्हय?" त्यानंतर आमच्या घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

सूज उतरली आणि एके पहाटे मला जाग आली तर अव्वा अंथरुणात नव्हत्या. मी बाहेर आले. माडीच्या जिन्याला एक हात लावून त्या एकेक पायरी चढत होत्या, लहान मूल चढतं तशा, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. ओठ हलत होते. अंगणात यजमान उभे होते, हातात तांब्या तसाच. ते आधीपासून बघत असावेत. त्यांनी मला हातानं गप्प राहायची खूण केली आणि ते मागल्या दारानं निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते व्यापाराच्या कामाला सोलापूरला गेले. युद्ध संपल्यामुळं तिथल्या बाजारात लष्कराचं सामान विकायला आलं होतं. परत आले तेव्हा गाडीतून त्यांनी एक पोतं उतरवलं. आत जाडजूड लष्करी बूट होते. दोन जोड.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक तुझा," ते म्हणाले. "ती एकटी चालणार न्हाय. मला ठाऊक हाय." आणि आईकडं न बघता म्हणाले, "बुटात कापूस भरावा लागंल, अव्वा. बायकांच्या मापाचं मिळत न्हाय." मग स्वतः ओसरीवर बसून त्यांनी त्या कातड्याला जवसाचं तेल चोळलं. चरबी घरात चालत नव्हती, म्हणून जवस. अडतीवर आलेली माणसं बघत होती. त्यांनी बघू दिलं. माझ्या नवऱ्याचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. पुढं आणखी काही वेळा वाटला, पण ती सुरुवात.

त्यानंतर घरच तयारीला लागलं. बेंबळीकडच्या धनगरांकडून यजमानांनी घोंगड्या आणवल्या, इतक्या घट्ट विणीच्या की पाणी ओतलं तर वरच्या वर घरंगळायचं. थंडीची सवय म्हणून पौषात आम्ही दोघी गच्चीवर नुसत्या घोंगडीत झोपायचो. आमच्याकडच्या थंडीला हिमालयवाले हसले असते, पण आमच्या दातांना ती पुरेशी होती.

नऊवारीच्या आत घालायला लोकरीच्या विजारी हव्या होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मुसलमान दर्जी होते. बायकांसाठी विजार म्हटल्यावर ते आधी गोंधळले. मग कैलासाचं ऐकलं आणि त्यांनी चष्मा पुसला. मापं मी दोरीला गाठी मारून नेली होती. विजारी शिवून झाल्यावर ते स्वतः घरी घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "अम्मा, डबल सिलाई मारा मैं. फटेगा नै. मेरे हात का कपडा पहाड कू जारा, बस।" पुढं आम्ही गेल्यावर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की माझं कापड सध्या तिबेटात आहे.

एक अडचण अव्वांच्या मनात होती. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा त्या रोज अंघोळ करून करत; पूजेशिवाय पाणीही घेत नसत. तिथं पाणी गोठलेलं असेल तर? त्या मठात स्वामींना विचारायला गेल्या, मीही बरोबर होते. स्वामी म्हणाले, "अव्वा, बर्फ म्हणजे पाणीच की. जरा निजलेलं. त्याला उठवायला गेलं न्हाय तरी चालतंय. विभूती लावा आणि पूजा करा." अव्वा इतक्या खुश झाल्या की परत येताना वाटभर बोलल्या. चढ नसतानाही.

माघ आला. आम्ही मुरुमहून निघालो. पाठीला झोळ्या, हातात काठ्या, पायात ते बूट. वेशीपर्यंत बायका आल्या होत्या. बारवेवर हसणाऱ्याच बहुतेक होत्या, पण त्या दिवशी हसल्या नाहीत. एकीनं अव्वांच्या झोळीत गूळ टाकला. यजमान गाडी घेऊन मागं मागं येत होते. "गाडीत बसायला न्हाय, नुसती मागं," असं त्यांनी आईला वचन दिलं होतं.

नळदुर्ग यायच्या आधीच माझ्या टाचेला फोड आला. अव्वांनाही आला असणार, पण त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी नळदुर्गच्या धर्मशाळेत त्यांनी बूट काढले तेव्हा कापूस लाल झालेला होता. मी रडवेली झाले. अव्वा म्हणाल्या, "बरं झालं. हितंच कळलं. तिथं कळलं असतं तर?" आणि माझी टाच मांडीवर घेऊन त्यांनी तेल-हळद लावली. सासूनं सुनेचा पाय मांडीवर घेतलेला बघून धर्मशाळेतल्या बायका कुजबुजल्या. अव्वांनी पट्टी बांधून पूर्ण केली, मगच पाय सोडला. कापूस चुकीच्या जागी भरला होता. टाचेला नव्हे, पुढं बोटांशी भरायचा, हे आम्हाला त्या रात्री उमगलं.

तुळजापूरला मास्तर भेटले. भवानीचं दर्शन घेऊन आम्ही दुसऱ्या सकाळी सोलापूरच्या बाजूनं घाट उतरलो आणि पायथ्याशी उभ्या राहिलो. हा घाट म्हणजे काही हिमालय नव्हे. पण आमच्या मुलखात चढ म्हणावा असा तोच. मास्तर म्हणाले, "मी मागून येतो. तुम्ही तुमच्या चालीनं चला. माझ्याकडं बघायचं नाही."

अव्वांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं. आणि बोलायला सुरुवात केली. स्वतःच्या लग्नातलं जेवण. कोण आचारी होता, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, किती दाट होती, वऱ्हाडातल्या कुणी किती खाल्ली, वाढताना एक काका कसे पंगतीतच घसरले. मी कान देऊन होते, गोष्टीकडं नव्हे, भाषेकडं. वळण आलं, मराठी. दुसरं वळण आलं, मराठी. एका ठिकाणी उभा चढ होता आणि "मग काय, एन हेळ्ली..." असं काहीतरी कानडी निसटलं. मी लगेच पाय आखडता घेतला आणि काठीशी उगाच खुडबुड केली. अव्वा हळू झाल्या. पुन्हा मराठी आलं. घाटमाथ्याला पोचलो तेव्हा लग्नातली पंगत उठून विडे वाटणं चालू होतं.

यजमान वर गाडीशी उभे होते. त्यांनी आईला पाणी दिलं आणि तोंड फिरवून बैलांच्या मानेवर उगाच हात फिरवत राहिले.

मास्तर थोड्या वेळानं आले. दगडावर टेकले, टोपी काढून घाम पुसला. "आई," ते म्हणाले, "सबंध घाटात तुमचं तोंड बंद झालं नाही."

"तुमीच सांगितलं व्हतं."

"हो. मी तुम्हाला नेतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि यांनाही. वर कुणीतरी ऐकायला लागेल. मला तेवढी हुग्गी सोसायची नाही."

अव्वा एवढ्या मोठ्यानं हसल्या की घाटातून येणाऱ्या गाडीवाल्यानं बैल थांबवले. मी हसले नाही. मी कडेला गेले. खाली दूरवर सोलापूरकडचं मैदान पसरलं होतं आणि मी, कळंबच्या बाजारापलीकडं काही न बघितलेली बाई, दोन पायांवर एवढी वर आले होते आणि याहून वर जाणार होते.

उरलेल्या दिवसांत गावात कैलासाशिवाय विषय नव्हता. उन्हाळ्यात बारवेचं पाणी तळाला गेलं, आमचा डोंगर पुरता उंच झाला. आता आम्ही दोघीच नव्हतो. गल्लीतल्या आणखी बायका पहाटे यायला लागल्या. म्हणायच्या पाण्याला, पण घागर काठावर ठेवून आमच्याबरोबर एक-दोन खेपा मारायच्या. निघायच्या आधी त्याच सगळ्या आमच्या घरी कडक भाकरी थापायला बसल्या. ज्वारीची पातळ भाकरी, उन्हात आणि तव्यावर वाळवून पापडासारखी केलेली, महिनोन्‌महिने टिकणारी. कधी नव्हे ते अव्वा चुलीपासून लांब बसल्या होत्या आणि दुसऱ्या बायका त्यांच्या वाटेची भाकरी करत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसून धुराला शिव्या दिल्या.

येणेगूरपर्यंत गाडीनं आणि पुढं मोटारीनं आम्ही निघालो. नळदुर्गच्या पुढं सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता. निजामाच्या राज्यातून बाहेर जाणारा माल तिथं तपासत. अंमलदारानं आमची पोती उघडायला लावली. एक भाकरी काढून त्यानं बोटानं वाजवली. ती लाकडासारखी वाजली.

"ये क्या है अम्मा?"

"भाकरी."

"इतनी? कहाँ जारे?"

"कैलासाला."

"काशी के बाजू में है क्या?"

"काशीच्या लई पुढं. हिमालय वलांडून."

त्यानं अव्वांच्या बुटांकडं बघितलं, माझ्या बुटांकडं बघितलं. मग शिपायाला पोती बांधायला सांगितलं, आणि मोटार सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "पानी संभाल के पीना, अम्मा."

आम्ही कैलासाला पोचलो. अल्मोड्यापासून पायी, पुलांवरून, बर्फातून, मास्तरांच्या मागं. अव्वांच्या नाकाची साल निघाली, माझ्या गालांची. खारट लोण्याचा चहा अव्वांनी एकदा चाखला आणि आयुष्यभर त्याची नक्कल केली. सगळ्यात उंच खिंडीत त्या बोलायच्या बंद झाल्या, तेव्हा मी बोलत राहिले. काय बोलले ते मला आठवत नाही. डोंगर दिसला तेव्हा त्या खूप वेळ हात जोडून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मास्तरांनी सांगितलं व्हतं त्यापरीस मोठा हाय." आमच्या तुकडीतले दोन पुरुष अर्ध्यातून मागं फिरले होते. त्यांची आम्ही कधी थट्टा केली नाही. अव्वा करू देत नसत.

पुढं काही वर्षांनी मला मुलं झाली. लोकांनी ते कैलासाच्या खात्यावर मांडलं. अव्वा दरवेळी सांगायच्या, तसं काही मागितलंच नव्हतं.

परत आल्यावर मठात सत्कार ठेवला होता. स्वामींनी अव्वांना व्यासपीठावर बोलावलं आणि चार शब्द बोलायला सांगितलं. अव्वा उठल्या, वर गेल्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्यापरीस माझी सून चांगलं सांगती. तिला वाचतालिहिताबी येतंय. तिला बोलवा." आणि खाली येऊन बायकांत बसल्या.

मी वर गेले. पुरुष, बायका, अडतीतले हमाल, दाराशी उभे असलेले दर्जी, सगळे माझ्याकडं बघत होते. मी सुरुवात केली, की आम्ही अल्मोड्याहून निघालो तेव्हा पहिल्या दिवशी...

"ते न्हाय," बायकांतून अव्वांचा आवाज आला, "आधी पावसाचं सांग! तंबू वाहून गेला ते!"

सगळा मठ हसला. मीही हसले, पदर सावरला, आणि पावसापासून पुन्हा सुरुवात केली.